वसंतातील वनशाळा : मेळघाटच्या मुलांसाठी आणि आपल्यासाठीही

फाल्गुन लागला की आपल्या व्यवसायातील लगबग वाढते. नागपूर-अमरावतीपासून पुण्या-मुंबईपर्यंत गावोगावी वासंतिक वमनाची शिबिरे भरतात. फलक लागतात, नावनोंदणी होते, स्नेहपानाची वेळापत्रके तयार होतात. ही गोष्ट अभिमानाचीच आहे. एकेकाळी ग्रंथात मिटून राहिलेले शोधनकर्म आज पुन्हा लोकांच्या आचारात आले, याचे श्रेय गेल्या पिढीतील वैद्यांना दिलेच पाहिजे. मात्र या शिबिरांत आपण जे मदनफळ वापरतो, ते फळ झाडावर असताना आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? गेळाचे काटेरी झाड दाखवा म्हटले तर किती जणांना दाखवता येईल? हा प्रश्न मी प्रथम स्वतःला विचारला आणि उत्तर देताना मला खाली पाहावे लागले, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात मदनफळाच्या संग्रहाचा काळ सांगितला आहे. वसंत आणि ग्रीष्म यांच्या सांध्यावर, ना हिरवी ना किडलेली, पांडुवर्ण झालेली पक्व फळे घ्यावीत. ती कुशात गुंडाळून, वरून शेण लिंपून, धान्याच्या राशीत आठ रात्री ठेवावीत. मग वाळवून त्यातील बीजे काढावीत आणि संस्कारपूर्वक नव्या पात्रात जपून ठेवावीत, असा तपशीलवार विधी आहे. ज्या ऋतूत आपण हे द्रव्य रुग्णास देतो, त्याच ऋतूच्या अखेरीस ते पुढील वर्षासाठी वनातून आणावयाचे आहे. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने वसंत हा वैद्याने शिबिरात असण्याचा काळ आहे, तसाच तो वनात असण्याचाही काळ आहे. आपण त्यातील पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा व्यापाऱ्यावर सोपवला.

प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा अर्धा भाग आहे. वसंतात वनात शिकणे, कोणी शिकणे, कोणाकडून शिकणे आणि त्याची व्यवस्था आपल्या संघटनेने कशी करावी, याविषयी काही विचार वैद्यबंधू-भगिनींपुढे आणि औषधनिर्मात्यांपुढे मांडावयाचे आहेत.

नागपूरच्या वैद्याचे वन

नागपूरहून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर, परतवाड्याच्या पुढे घाट चढला की आपण सातपुड्याच्या गाविलगड रांगेत पोहोचतो. चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे. विदर्भात कॉफीची लागवड होणारे ते एकमेव ठिकाण. त्याभोवतीचा चिखलदरा व धारणी तालुक्यांचा डोंगराळ प्रदेश म्हणजे मेळघाट. व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ मध्ये सुरू झाला तेव्हा देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होता. सिपना, खापरा, गडगा या नद्या येथून तापीकडे वाहतात. येथील मुख्य वस्ती कोरकू समाजाची. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातील नाही, गोंडीच्याही नाही. ती मुंडा कुळातील आहे.

वर्तमानपत्रांच्या वाचकास मेळघाट म्हटले की कुपोषण आठवते आणि पर्यटकास वाघ आठवतो. वैद्यास मात्र तेथील सागाच्या शुष्क पानझडी वनात उभा असलेला निघंटू आठवावयास हवा. तो आठवत नाही, याचे एक कारण असे की आपण तेथे चुकीच्या वेळी जातो.

महाविद्यालयांच्या वनौषधी सहली बहुधा श्रावण-भाद्रपदात किंवा हिवाळ्याच्या सुट्टीत निघतात. पावसाळ्यात हिरवे दिसते, छायाचित्रे चांगली येतात, धबधबे पाहून होतात. सफेद मुसळीसारखी भूमिगत कंदाची वनस्पती पावसाळ्यातच पाहावी लागते, हेही खरे. परंतु वृक्षद्रव्यांची ओळख पावसाळ्यात होत नाही. सगळेच हिरवे असताना विद्यार्थ्याला एकही झाड वेगळे दिसत नाही. पानगळ झाल्यावर प्रत्येक झाड आपली साल, आपला बांधा, आपली शेंग घेऊन उघडे उभे राहते आणि त्यातील कित्येक पानांच्या आधी फुलतात.

फाल्गुन-चैत्रातील मेळघाट पाहा. पळस पेटलेला असतो. शिवण, म्हणजे आपली गंभारी, निष्पर्ण फांद्यांवर पिवळसर तपकिरी फुले घेऊन असते. सालईची साल कागदासारखी सुटते आणि जखमेतून डिंक पाझरतो. शल्लकी ही काय वस्तू आहे हे तेथे हाताला चिकटून समजते. कुलूचे पांढुरके खोड दुरूनच ओळखू येते. कुसुमाची पालवी तांबडी लाल असते. ओढ्याकाठी धायटीची झुडपे केशरी-लाल फुलांनी भरून जातात. मुरुडशेंगेच्या पिळदार शेंगा वाळून खुळखुळतात. बेहड्याला कोवळ्या पालवीबरोबर मोहर येतो. मोहाची फुले पहाटे टपटपू लागतात. चैत्राच्या अखेरीस चार पिकू लागते आणि बहाव्याचे सोनेरी घोस लोंबू लागतात. द्रव्यगुणाच्या पुस्तकातील निम्मी वृक्षप्रकरणे तेथे दोन-अडीच कोसांच्या फेरफटक्यात भेटतात.

ऋतुविभागाविषयी एक शंका येथे उपस्थित होईल. वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, असा पाठ आपणा सर्वांना मुखोद्गत आहे. पण विदर्भातील वैशाख म्हणजे वसंत नव्हे, हे येथील लहान मूलही सांगेल. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात दोषांच्या चय-प्रकोपाच्या अनुषंगाने जी दुसरी ऋतुगणना दिली आहे, तीत वसंत फाल्गुन-चैत्राचा आणि ग्रीष्म वैशाख-ज्येष्ठाचा आहे. आपल्या देशकालास हीच गणना लागू पडते. शिवाय वाग्भटाचार्यांनी वसंतचर्येत मध्याह्नीचा काळ शीतल, जलसमीप अशा उपवनात स्नेह्यांसह गोष्टी करीत घालवावा असे सुचविले आहे, तर व्यायाम या काळात अर्धशक्तीने विहित आहे. वनात सकाळी हिंडावे, दुपारी सावलीत बसून शिकावे, ही दिनचर्या आपल्याच ऋतुचर्येत बसते. ती बाहेरून आणण्याची गरज नाही.

कुड्याची साल

काही वर्षांपूर्वीचा एक अनुभव सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. माझ्या चिकित्सालयात प्रवाहिकेचा एक जुना रुग्ण होता. कुटजाच्या काढ्याने त्यास पूर्वी उत्तम उपशय मिळाला होता. त्या खेपेस मात्र पंधरा दिवस उलटले तरी गुण येईना. पथ्य तपासले, मात्रा वाढविली, निदानाचा फेरविचार केला. अखेरीस पोत्यातील सालीचा एक तुकडा स्वतः चघळून पाहिला. ज्या द्रव्याच्या तिक्ततेने तोंड वाकडे व्हावे, ते जवळजवळ बेचव होते. ज्यांच्याकडून माल घेतला त्यांच्याकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, कुडा तो कुडाच. आमच्याकडे आला तसा दिला.’’

त्यांच्यावर मी रागावलो खरा. पण परतताना विचार केला, की मी तरी दोन्ही कुडे कधी शेजारी शेजारी पाहिले होते? पदवी परीक्षेच्या वेळी त्यांची लॅटिन नावे घोकली होती, एवढेच.

त्याच वर्षी फाल्गुनात चिखलदरा तालुक्यातील एका गावी जाण्याचा योग आला. तेथील आठवीत शिकणारी एक कोरकू मुलगी आम्हाला गावाबाहेरच्या टेकाडावर घेऊन गेली. पानगळ झालेली, माझ्या दृष्टीने अगदी सारखी अशी दोन झाडे तिने दाखविली. एकावर लांब, बारीक, सुट्या शेंगांच्या जोड्या वाळून लोंबत होत्या. दुसऱ्यावर काही शेंगांच्या जोड्या अजून टोकाशी एकमेकींस जुळलेल्या होत्या. ती म्हणाली, ‘‘सर, हा कडू. हगवणीला आजी ह्याचीच साल देते. त्याची नाही देत, त्यात काही नसते.’’ मग खात्रीसाठी तिने दोन्हींच्या बिया माझ्या हातावर ठेवल्या. कडू इंद्रजव आणि गोड इंद्रजव यांतील जो भेद मी वीस वर्षे वहीत लिहून ठेवला होता, तो त्या दिवशी जिभेवर उतरला.

येथपर्यंतची कथा आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळदा ऐकू येते आणि वनवासींच्या ज्ञानाचा गौरव करून ती संपते. पण पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. त्या दिवशी ती मुलगी शाळेत गेली नव्हती. शाळेत पर्यावरण विषयाची सराव परीक्षा होती. तिच्या हजेरीपुढे गैरहजेरीची खूण पडली असणार. ‘वने का महत्त्वाची आहेत, पाच कारणे लिहा’ असा काहीसा प्रश्न त्या परीक्षेत असेल आणि त्याची उत्तरे तिने पाठ केलेली नसतील. जिला दोन कुड्यांतील फरक ठाऊक, ती शाळेच्या लेखी पर्यावरणात कच्ची. आणि ज्याला तो फरक ठाऊक नव्हता, तो मी त्याच विषयाचा पदवीधर. या हिशेबात कुठेतरी चूक आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

शाळा मिटते आणि वन उघडते

मेळघाटातील शाळेचे वर्ष आणि तेथील वनाचे वर्ष एकमेकांस काटकोनात छेदतात. मोहफुलांचा हंगाम साधारण मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत असतो. फुले रात्री उशिरा गळू लागतात आणि ऊन चढण्यापूर्वी वेचावी लागतात. त्यासाठी सारे कुटुंब पहाटेच बाहेर पडते, मुलेही जातात. त्या फुलांवर घरातील पुढल्या महिन्यांचे मीठमिरची, कपडे आणि कर्जाचा हप्ता अवलंबून असतो. त्याच वेळी वार्षिक परीक्षा असते. शिक्षकांच्या दृष्टीने ही गळती, पालकांच्या दृष्टीने शाळा ही अडचण. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

पर्यावरण शिक्षणाचा आग्रह आपल्या देशात नवा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्णयानंतर आणि पुढे डिसेंबर २००३ च्या निर्देशानंतर हा विषय शालेय अभ्यासक्रमात सक्तीचा झाला. राष्ट्रीय हरित सेनेची पथके २००१ नंतर शाळाशाळांतून निघाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. शहरातील शाळा ते दहा दिवस कारखान्यात, बाजारात, कारागिराकडे घालवू शकतील. मेळघाटातील शाळेच्या दारात तर वनच उभे आहे. ते दहा दिवस फाल्गुन-चैत्रात घेतले आणि त्या काळातील वनातील काम हाच पाठ मानला, तर गैरहजेरीचे रूपांतर हजेरीत होऊ शकेल.

येथे कोणी म्हणेल, की ज्या मुलांना वन आधीच ठाऊक आहे त्यांना वनात नेऊन काय शिकवणार? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या आरंभीच दिले आहे. शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनात राहणारे लोक औषधी नामरूपाने जाणतात, असे ते सांगतात. परंतु केवळ नामरूपज्ञान पुरेसे नाही, देश-काल-पुरुष पाहून त्यांचा योग जाणणारा तोच श्रेष्ठ भिषक, असे लगेच बजावतात. ज्ञानाचे दोन अर्धे भाग दोन ठिकाणी आहेत, हे त्या काळीही मान्य होते. सुश्रुतही गुराखी, तापस, व्याध आणि मुळे खाणाऱ्या वनचरांकडून द्रव्ये ओळखून घ्यावीत असे सांगतात. ही शिष्याने स्वीकारावयाची भूमिका आहे. उपकार करणाऱ्याची नव्हे.

दुसरे असे, की परंपरागत ज्ञानाबरोबर काही हानिकारक सवयीही रूढ झाल्या आहेत आणि त्या मोकळेपणाने बोलल्या पाहिजेत. मोहाची फुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. ती आग पुष्कळदा हाताबाहेर जाते. फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळा लागेपर्यंत वनविभाग वणव्याच्या चिंतेत असतो, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. आगीत कोवळी रोपे मरतात. मोहाची, चारीची, आवळ्याची नवी पिढी उगवतच नाही. पाचोळा झाडून बाजूला केला किंवा झाडाखाली जाळी अंथरली तर फूलही स्वच्छ मिळते आणि आगही टळते. चारोळीसाठी फांद्या तोडणे आणि फळ कच्चे असतानाच ओरबाडणे, कुलूच्या डिंकासाठी खोडावर कुऱ्हाडीचे खोल घाव घालणे, या सवयींनी झाडे खचतात.

पण हे सांगताना बोट केवळ वनवासींकडे दाखविणे अन्यायाचे होईल. फळ कच्चे का तोडतात? आज आपण थांबलो तर उद्या दुसरा तोडून नेईल, आणि व्यापारी पक्व-अपक्व असा भेद करून भाव देत नाही, म्हणून. भाव न देणारी ती साखळी ज्या कढईपाशी संपते, ती कढई आपली आहे.

औषधनिर्मात्यांचा प्रश्न

औषधनिर्माते मित्रांना हा विषय शिक्षकांचा आणि समाजसेवकांचा वाटत असेल, तर धायटीच्या फुलाचे उदाहरण घ्यावे. आसवारिष्टांच्या संधानात धातकीपुष्पाचे स्थान काय, हे त्यांना मी सांगणे न लगे. फुलातील मधुरस व त्याच्या आश्रयाने असलेले किण्व यांमुळे संधानास आरंभ होतो. वेळेवर खुडून सावलीत वाळविलेले फूल आणि दोन पावसाळे पाहिलेले, बुरशीचा वास येणारे फूल यांचे संधान सारखे होत नाही. घडा बिघडला की आपण हवामानास, गुळास, कामगारास दोष देतो. फूल कोणत्या महिन्यात, कोठे, कोणी खुडले, हे विचारत नाही. कारण सांगू शकेल असा कोणी साखळीत नसतो.

शेड्यूल टी मधील उत्तम निर्मितीचे नियम २००० साली आले. त्यानंतर भिंतींना टाइल्स लागल्या, नोंदवह्या आल्या, प्रयोगशाळा आल्या. ते आवश्यकच होते. परंतु कच्चे द्रव्य कारखान्याच्या दारात येण्यापूर्वीच त्याचे भवितव्य ठरलेले असते. अशोकाच्या नावाने खोट्या अशोकाची साल येते, दशमुळातील बृहत्पंचमुळांच्या जागी खोडाची साल आणि फांद्या येतात. यातील काही लबाडी आहे. पण पुष्कळसे अज्ञान आणि दुर्मीळता आहे. एका टेटूचे किंवा पाडळीचे मूळ काढले की ते झाड गेले. ते पुन्हा उभे राहावे म्हणून कोणी लावले नाही, तर उद्याच्या दशमुळात काय असेल, हे वेगळे सांगावयास नको.

चरकाचार्यांनी कोवळ्या फांद्या व पाने वर्षा आणि वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल-कंद-क्षीर शरदात, सार हेमंतात, आणि फुले-फळे ज्या त्या ऋतूत घ्यावीत, अशी जी व्यवस्था सांगितली, तिच्यातून आणखी एक गोष्ट घडते. एकाच ऋतूत सर्वांनी सर्व अंगे ओरबाडण्यास आपोआप आळा बसतो. हे वेळापत्रक संकलन करणाऱ्याच्या हाती पोहोचले नाही तर ते केवळ परीक्षेतील दहा गुणांचा प्रश्न म्हणून उरेल.

योजना

आपल्या संघटनेने दरवर्षी होळीनंतरच्या आठवड्यात मेळघाटात सहा दिवसांची एक वनशाळा भरवावी, असा माझा प्रस्ताव आहे. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबे त्यासाठी गावी परततात. फगवा मागण्याचे दिवस सरले की माणसे घरी असतात, मोह गळू लागतो, रात्री थंड असतात आणि परीक्षा अजून थोडी दूर असते. यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

पहिल्या वर्षी एकाच गावापासून आरंभ करावा. गावच्या किंवा आश्रमशाळेच्या आठवी-नववीतील वीस विद्यार्थी आणि आयुर्वेद महाविद्यालयांतील द्रव्यगुण शिकत असलेले वीस विद्यार्थी असावेत. जोडी लावावी, एक शाळकरी, एक पदवीचा. पहाटे मोहाखाली जाऊन कुटुंबासोबत फुले वेचावीत, त्यातील एकही फूल आपण घेऊ नये. सकाळी दहापर्यंत एका ओढ्याकाठचा किंवा टेकाडावरचा फेरफटका व्हावा. दुपारी सावलीत बसून त्या दिवशी पाहिलेल्या पाचच द्रव्यांची नोंद करावी : कोरकू नाव, मराठी नाव, संस्कृत नाव, शास्त्रीय नाव, ओळखण्याची खूण, संकलनाचा काळ, झाड न मारता संकलन करण्याची रीत. सहा दिवसांत तीस द्रव्ये होतात. तीस द्रव्ये डोळ्यांनी, नाकाने आणि (शिक्षकांच्या देखरेखीखाली, निर्धोक असतील तेवढीच) जिभेने ओळखणारा विद्यार्थी तीनशे द्रव्यांचे श्लोक म्हणणाऱ्यापेक्षा रुग्णाच्या अधिक उपयोगी पडेल, असे माझे मत आहे.

शाळकरी मुलांना यातून काय मिळावे? त्यांच्या वहीतील नोंदी शाळेने पर्यावरण विषयाचा प्रकल्प म्हणून स्वीकाराव्यात, यासाठी मुख्याध्यापक आणि आदिवासी विकास विभागाशी आधीच बोलणे करावे. मोहाखाली आग न लावण्याची रीत, डिंकासाठी हलका छेद, रोपवाटिका, नाडीपरीक्षेची आणि प्रथमोपचाराची तोंडओळख, हे आपण द्यावे. नववीतील एखाद्या मुलीला आपणही वैद्य होऊ शकतो असे वाटले, तर त्या वर्षीचा खर्च वसूल झाला असे समजावे. बी.ए.एम.एस.चा प्रवेश आज नीट परीक्षेतून होतो. ज्या मुलांची मातृभाषा शाळेची भाषा नाही, त्यांच्यासाठी ती भिंत किती उंच आहे, याचा विचार आपण केलेला नाही. वनशाळेनंतर वर्षभर त्या मुलांशी पत्राने, दूरध्वनीने संपर्क ठेवणारा एकेक वैद्य पालक म्हणून नेमता येईल.

औषधनिर्मात्यांनी दोन गोष्टी कराव्यात. वनशाळेचा खर्च वाटून उचलावा आणि गावातील ज्या जाणत्या स्त्री-पुरुषांना आपण शिक्षक म्हणून बोलावू, त्यांना महाविद्यालयातील अतिथी व्याख्यात्याइतके मानधन द्यावे. आणि धायटीचे फूल, हिरडा-बेहडा-आवळा, गेळफळ अशा चार-पाच द्रव्यांची थेट ग्रामसभेकडून, पक्व मालास वाढीव भाव ठरवून खरेदी करावी. वन हक्क कायदा २००६ ने गौण वनोपजावरील मालकी हक्क वनात राहणाऱ्यांना दिला आहे. अमरावती जिल्ह्यातीलच पायविहीरसारख्या गावाने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड टेकड्या पुन्हा हिरव्या करून सीताफळाची विक्री स्वतः सुरू केली, हे उदाहरण आपल्यासमोर आहे.

आक्षेप आणि मर्यादा

या योजनेस येणारे आक्षेप मी जाणतो. व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात इतकी मुले नेणे योग्य आहे काय? नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यान व अभयारण्यात शिरण्यावर आणि तेथून काही नेण्यावर निर्बंध आहेत, आणि ते योग्यच आहेत. म्हणून वनशाळा गावाच्या सामूहिक वनात, ग्रामसभेच्या व वनविभागाच्या परवानगीनेच भरावी. हर्बेरियमसाठी पोतेभर फांद्या तोडून आणण्याची आपली जुनी सवय तेथे चालणार नाही. एका द्रव्याचा एकच नमुना, तोही परवानगीने, बाकी चित्र आणि छायाचित्र.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शहरातील शिकलेले लोक येतात, माहिती लिहून घेतात आणि निघून जातात, हे मेळघाटने पुष्कळ पाहिले आहे. जैवविविधता कायदा २००२ ने स्थानिक लोकांच्या ज्ञानास संरक्षण देण्याचा प्रयत्न केला; २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष वैद्यांना त्यातील काही बंधनांतून सूट मिळाली. कायद्याने सूट दिली म्हणून नैतिक ऋण फिटत नाही. वनशाळेत झालेली प्रत्येक नोंद प्रथम गावाची असावी. तिची प्रत गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत जावी आणि गाव ‘हे बाहेर सांगू नका’ म्हणेल ते बाहेर जाऊ नये. हा नियम पहिल्याच दिवशी सर्वांसमोर वाचून दाखवावा.

तिसरा आक्षेप वेळेचा. फाल्गुन-चैत्र हा आपल्या व्यवसायाचा हंगाम. चिकित्सालय बंद ठेवून सहा दिवस कोण जाणार? माझे उत्तर असे, की सर्वांनी जावे असे नाही. जिल्ह्याजिल्ह्यातून दोन-दोन वैद्य आळीपाळीने गेले तरी पुरे. पण ज्याने वमनाच्या शिबिरात मदनफळ दिले, त्याने आयुष्यात एकदा तरी चैत्रातील गेळाच्या झाडाखाली उभे राहून एक पक्व फळ हातात घेतलेले असावे, असा संकेत आपण स्वतःपुरता पाळावयास हरकत नाही.

अशी एक शाळा भरल्याने मेळघाटचे प्रश्न सुटणार नाहीत. तेथील कुपोषण, रस्ते, दवाखाने यांवर अनेक माणसे वर्षानुवर्षे झटत आहेत, बैरागडच्या डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांचा २०१९ साली पद्मश्रीने गौरव झाला. त्यांच्या कामापुढे सहा दिवसांची वनशाळा फार लहान आहे. पण लहान काम वेळेवर केले तर ते टिकते.

त्या आठवीतील मुलीस मी पुन्हा भेटलो तेव्हा ती दहावीची परीक्षा देऊन बसली होती. पुढे काय करणार असे विचारले, तर ती म्हणाली, ‘‘बघू सर, कामाला जाऊ.’’ तिची आजी त्याच वर्षी वारली होती. दोन कुड्यांतील फरक आता त्या घरात एकटीला ठाऊक आहे. ती वीटभट्टीवर गेली तर तो फरक तिच्याबरोबर जाईल, आणि आपल्या पोत्यात कोणता कुडा येतो हे सांगणारे आणखी एक माणूस कमी होईल.

आपल्या संघटनेच्या येत्या वार्षिक सभेत हा प्रस्ताव चर्चेस घ्यावा, अशी कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. ज्या वैद्यांना, महाविद्यालयांतील अध्यापकांना व औषधनिर्मात्यांना यात सहभागी व्हावेसे वाटते, त्यांनी आपली नावे, देऊ शकतील ते दिवस आणि खरेदी करू शकतील ती द्रव्ये सभेपूर्वी कार्यालयास कळवावीत. पुढील होळीस अवकाश आहे. पण ग्रामसभेची परवानगी, शाळेशी बोलणे आणि द्रव्यांची यादी यांस दिवाळीनंतरचे सारे दिवस लागतील. आरंभ आताच करावयास हवा.